काका, चौकोन येतोय

शनिवारी रात्री अकरा वाजता कोरसच्या ग्रुपवर, मी टाकलेल्या गाण्याखाली मेसेज आला : "काका, तिसऱ्या ओळीत चौकोन येतोय." मागोमाग दुसरा : "मलापण." मग तिसरा, नुसता प्रश्नचिन्हांचा.

चौकोन म्हणजे ऴ. ळ नव्हे, पोटाखाली टिंब असलेला ऴ. तमिळमधल्या एका अक्षरासाठी देवनागरीत हा करून ठेवलेला आहे. युनिकोडातही त्याला जागा आहे, पण सगळ्यांच्या फोनची त्याच्याशी ओळख नाही. मग रविवारी सकाळी चहा घेऊन बसलो, गाण्याच्या अठ्ठावीस कागदांवर साधा ळ छापून घेतला आणि प्रत्येकाखाली काळ्या पेनाने टिंब दिलं. एका कागदावर ऴ चौदा वेळा. गुणाकार तुम्ही करा. सौ. म्हणाली, "निवृत्त झालात ना हो?"

झालो. चौतीस वर्षं मुद्रितशोधक होतो, प्रभादेवीला. आधी खिळ्यांच्या छपाईच्या ओल्या गॅल्या, मग ब्रोमाइड, मग कॉम्प्युटरचे प्रिंट. अजूनही सोसायटीच्या फळ्यावर 'सुचना' दिसली की खिशातल्या पेनाकडे हात जातो. लोक मला टाळतात ते उगाच नाही.

तर आमचा कोरस. कोणी कॉयर म्हणतं, कोणी 'संडेचं गाणं'. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी पाच ते सात. पाच म्हणजे साडेपाच, कारण घोडबंदर रोड. अठ्ठावीस माणसं आणि सध्या नऊ भाषांतली गाणी. शिकवणारे सर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे मराठी ख्रिस्ती. चर्चमध्ये लहानपणापासून गायलेले. घरी मराठी बोलतात, गाणं लिहितात मात्र पाच रेघांवर. मी नौपाड्यात राहतो, तिकडे जाण्याचं मला काहीच कारण नव्हतं. सूनबाई जायची. एक दिवस तिने लॅपटॉप समोर ठेवला. "बाबा, हे बंगाली गाणं जरा मराठीत लिहून द्याल? म्हणजे अर्थ नकोय, अक्षरं."

अर्थ नकोय, अक्षरं. चौतीस वर्षांत असं काम कोणी दिलं नव्हतं. बसलो हेडफोन लावून.

बंगाली म्हणजे सोपं, असा आपला समज असतो. अर्धे शब्द ओळखीचे. फसवणूक तिथेच आहे. त्यांचा अ हा ऑ आणि ओ यांच्यामध्ये कुठेतरी लोळत असतो. व नाहीच, सगळा ब. य शब्दाच्या सुरुवातीला आला की ज. मी प्रामाणिकपणे बंगाली अक्षरं पाहून 'लक्ष्मी' लिहिलं. तालमीला एक बंगाली दादा असतात, बँकेत आहेत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ते हसून म्हणाले, "काका, आम्ही लिहितो लक्ष्मी, म्हणतो लोक्खी." माझ्या हाताने 'लोक्खी' लिहिताना कसं वाटलं, ते ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे क्ष दुरुस्त केले त्यालाच कळेल. वर मी त्यांना ऐकवलं, की आमच्याकडे तरी लिहिलेलं असतं तेच म्हणतात. हे वाक्य लक्षात ठेवा. दादांनी ठेवलं होतं.

मी कागद द्यायला गेलो आणि अडकलो. पुरुष कमी होते, कुठल्याही कोरसात कमीच असतात. सर म्हणाले, "काका, उभेच आहात तर खालच्या ओळीत उभे राहा." खालची ओळ म्हणजे बास, आपल्या भाषेत खर्ज. मी सांगितलं, मला गाता येत नाही. ते म्हणाले, बोलता येतं तेवढं पुरे, आवाज जाड आहे तुमचा.

अगदीच गायलो नव्हतो असंही नाही. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडणाऱ्यांना भजनाचा डबा माहीत असतो. आमच्या डब्यात बुवा होते, टाळ होते, मृदंगाच्या जागी डब्याचा पत्रा होता. बुवा एक ओळ टाकायचे, बाकीचे ती झेलायचे. मुलुंडपर्यंत गर्दीत हात वर करता आले तर टाळी, नाहीतर नुसती मान. मी झीलकरी. पोवाड्यात, गोंधळात मुख्य गाणाऱ्याच्या मागे धृपद धरणारे असतात ना, ते. माझा आवाज मी स्वतः कधी वेगळा ऐकलेला नव्हता आणि तेच मला आवडायचं.

म्हणून सरांनी जेव्हा 'शोशोलोझा' काढलं तेव्हा मी एकदम सरसावलो. ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतून, दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला आगगाडीने जाणाऱ्या माणसांचं हे गाणं. मूळ न्देबेले भाषेतलं, पुढे झुलूत मिसळलेलं. एक जण ओळ टाकतो, बाकीचे झेलतात. गाडीला त्यात 'स्टिमेला' म्हणतात, आपण इंजिनाच्या वाफेला स्टीम म्हणतो तोच शब्द. खालच्या ओळीला गाडीचा आवाज काढायचा असतो. सरांनी विचारलं, ट्रेनचा ठेका कोणाला माहीत आहे? हॉलमधले सगळे पुरुष हसले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली, साहिब, सिंध आणि सुलतान अशा तीन इंजिनांनी ओढलेली चौदा डब्यांची गाडी जिथे येऊन थांबली, त्या गावात हा प्रश्न विचारायचा? आम्ही ठेका धरला तो मात्र स्लो लोकलचा. सर म्हणाले, अजून दादर आलं नाही का?

त्या गाण्याचा झ लिहिताना मला काहीच त्रास झाला नाही. 'माझा' मधला झ, लिहिलं आणि विसरलो. तो पुढे मानगुटीवर बसणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

खरी परीक्षा दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा भाषेच्या लग्नगीताने घेतली. मिरियम मकेबा यांच्यामुळे जगभर पोचलेलं, रोमन लिपीत ज्याचं नाव क्यू या अक्षराने सुरू होतं असं, एका टकटक करणाऱ्या भुंगेऱ्याचं गाणं. तो क्यू म्हणजे क नाही. जीभ टाळूला चिकटवून खाली सोडली की बाटलीचं बूच उडाल्यासारखा आवाज होतो, तो. खोसात असे तीन प्रकारचे आवाज आहेत आणि ते शब्दाच्या सुरुवातीलाच नव्हे, मधोमधही येतात, स्वरांना चिकटून. पहिल्या दिवशी हॉलमध्ये जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. कोणाचा आवाज यायचा तर सूर जायचा, सूर यायचा तर जीभ रुसायची. पुढच्या ओळीतल्या एका ताईंची कवळी सुटली. त्यांनीच सगळ्यांना सांगितलं म्हणून लिहितो आहे.

मग सर म्हणाले, तुम्ही हे आवाज रोज काढता, फक्त शब्दात घालत नाही. आणि खरंच. वाईट बातमी ऐकली की आपण जिभेचं टोक दातांमागे लावून च्‌ च्‌ करतो, चुकचुकतो, तो तीनांपैकी एक. भिंतीवरची पाल चुकचुकते तोही त्याच्याच जवळचा. मुरबाडकडच्या एक वहिनी आहेत, त्यांनी गालातून एक आवाज काढला, बैलाला पुढे हाकण्याचा, आणि सर खुर्चीतून उठले. दुसरा तो. तिसरा मुलं करतात, घोडा-घोडा खेळताना. म्हणजे हळहळ, बैल आणि घोडा. खोसा माणसांनी त्याची व्यंजनं केली, आपण ती माजघरात, गोठ्यात आणि अंगणात ठेवली.

पण लिहायचं कसं? क लिहिला तर सगळे क म्हणतात. ट लिहिला तर ट. दोन दिवस विचार केला आणि शेवटी जिथे जीभ टाळूवरून सुटते तिथे मी काकपद दिलं. कावळ्याच्या पायासारखी खूण, प्रूफात 'इथे काहीतरी राहिलं आहे, घाला' असं सांगायला आम्ही वापरतो ती. कागद पाहून सूनबाई म्हणाली, "बाबा, किती चुका आहेत यात." एकही नव्हती.

कोरियन गाणं एका एकोणीस वर्षांच्या मुलीने आणलं. ती कोरियन मालिका बघून बघून आता चक्क भाषा शिकते आहे. 'आरिरांग' हे तिकडचं लोकगीत, युनेस्कोने २०१२ साली वारसा म्हणून यादीत घेतलेलं. पहिली ओळ संपायच्या आत पेटीवाल्या काकूंनी पेटी थांबवली. "अहो, हा तर भूप." सा रे ग प ध, दुसरा सूर नाही. ठेकाही तीन-तीनचा, दादऱ्यात घरच्यासारखा बसला. त्या मुलीने सांगितलं, की या गाण्याचे साठेक मुख्य प्रकार आहेत आणि त्यांची तीन हजार सहाशेच्या आसपास रूपं. ३,६०० पाठभेद! असला मजकूर माझ्या टेबलावर आला असता तर मी राजीनामा दिला असता. मी तिला विचारलं, मग अधिकृत कोणतं? तिला प्रश्नच कळला नाही.

तमिळ अम्मांचं सांगायचं राहिलं. अम्मा त्रिचीच्या, ठाण्यात चाळीस वर्षं, मराठी फर्डं बोलतात, मला भाऊ म्हणतात. ऴ चा सगळा घोळ त्यांच्या गाण्यामुळे. आपण त्यांच्या भाषेचं नाव 'तमिळ' लिहितो आणि वर हिंदीवाल्यांना हसतो, की त्यांना ळ येत नाही, ते तमिल म्हणतात. अम्मांच्या मते दोघेही सारखेच नापास. त्या नावात ळ नाहीच, ऴ आहे. जीभ मागे वळवायची पण कुठेही टेकवायची नाही, अधांतरी ठेवायची. तालमीनंतर मी जरा मोठेपणा मिरवायला सांगितलं, की आमच्या साने गुरुजींनी तुमच्या त्रिचीच्या तुरुंगात तमिळ शिकून 'कुरळ' हा तुमचा जुना ग्रंथ मराठीत आणला, भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं ही आंतरभारतीची कल्पनाही त्याच अनुभवातून आली. अम्मांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चांगलं केलं. ऴ म्हणता यायचा का त्यांना?"

मी म्हटलं, गुरुजी कोकणातले, जमला असेल.

आता दादांचा सूड. कोजागिरीला गच्चीवर कार्यक्रम होता आणि सरांनी ठरवलं, की मराठी गाणं मातृभाषा मराठी नसलेल्यांनी पुढे उभं राहून म्हणायचं. गाणं आमच्यातल्याच एका वहिनींनी केलेलं, चार कडव्यांचं. कागद माझा. यात काय चुकणार? स्वतःच्या भाषेचा कागद करताना मी पहिल्यांदा हेडफोन लावला नाही.

दुसऱ्या कडव्यात 'जग' होतं, दुनिया या अर्थी. तिसऱ्यात 'जग' होतं, जगून घे या अर्थी. मी दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या. दादांनी हात वर केला.

"काका, परत म्हणा."

म्हटल्या.

"तुम्ही दोन वेगळे शब्द म्हणताय. कागदावर एकच आहे. चूक कुठे आहे?"

मी कागदाकडे पाहिलं. ज आणि ग, ज आणि ग. मी परत मोठ्याने म्हटलं आणि माझ्याच तोंडातून दोन निराळे ज बाहेर पडताना ऐकले. एक टाळूवरून येणारा, एक दातांमागून. शाळेत 'दंततालव्य' हा शब्द पाठ केला होता, पाच मार्कांसाठी. पण मराठी शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा नियम, १९७२ त ते अठरा झाले, ते सगळे मला झोपेत विचारले तरी येतात, त्यातला एकही नियम या दोन जगांबद्दल अवाक्षर काढत नाही. मग रांगच लागली. 'चार' आणि 'चारा' : एका कान्याने च बदलतो. 'माझा' आणि 'माझी' : एकाच शब्दाचं लिंग बदललं तर झ चा पत्ता बदलतो. दादा प्रत्येकाला मान डोलवत होते. शेवटी म्हणाले, "लिहिलेलं असतं तेच म्हणतात, नाही का?"

त्या रात्री मी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. फक्त च, ज आणि झ साठी. चौथ्या बातमीपर्यंत पेन्सिलीने खुणा केल्या, मग सोडून दिलं. सौ.ने टीव्हीचा आवाज वाढवला. चौतीस वर्षं मी हा मजकूर डोळ्यांनी वाचला होता, ओठ न हलवता. तसंच शिकवलं होतं आम्हाला. ओठ हलले की वेग जातो.

कोजागिरीच्या कागदावर मी दातांमागच्या प्रत्येक च, ज आणि झ खाली टिंब दिलं. अम्मांना आणि दादांना फार सोयीचं झालं. तक्रार मराठी लोकांची आली. "काका, हे उर्दू आहे का?"

कार्यक्रम बरा झाला. मसाला दूध पातळ होतं. वरची ओळ दोनदा आमच्यावर घसरली. आपल्याकडे शेजारी काय गातोय ते कानावर पडलं, की लगेच त्याच्या सुरात सूर मिसळायची सवय, वेगळा सूर धरून ठेवणं म्हणजे उद्धटपणा वाटतो. सरांचं यावर वेगळं मत आहे, ते ऐकवण्याजोगं नाही.

आणि आता धवला. कोरसातल्या एक वहिनी कोलशेतच्या, आगरी. त्यांच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, तरुणपणी लग्नांत धवले गायलेल्या. आगरी लग्नात धवलारीण असते, एकेक विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. पूर्वी भटजी न बोलावताही तिच्या गाण्यांवर लग्न लागायचं, असं आजी सांगतात. सर खूश झाले. त्यांच्याही लग्नात विहिरीवरून वाजतगाजत पाणी आणतात, 'उंबराचं पाणी' म्हणतात त्याला, त्याचीही गाणी आहेत. म्हणाले, खोसा लग्न झालं, आता घरचं एक होऊ द्या. काका, लिहून आणा.

गेलो. पूर्वीच्या शेतावर आता बावीस मजले आहेत, आजी नवव्यावर राहतात. खाली पेपर पसरून सुका जवळा निवडत बसल्या होत्या. मी वही काढली, म्हटलं, आजी, सावकाश सांगा, एकेक ओळ. त्या गप्प. त्यांना सांगता येईना. गाता येत होतं. 'सांगा' म्हटलं की पहिल्या शब्दावरच अडायच्या, आणि गायला लागल्या की थांबवता यायच्या नाहीत. शेवटी फोनवर रेकॉर्ड केलं. घरी येऊन उतरवलं तर दोन ओळींचा अर्थ लागेना. परत गेलो. त्यांनी परत गायलं, आणि दुसरंच गायलं. चाल तीच, देव तेच, पण मधल्या सहा ओळी नव्या. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा मधल्या ओळी आठ.

मी तिन्ही प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या, जणू काही त्या वाचणारच होत्या, आणि विचारलं, "आजी, यातलं बरोबर कुठलं?"

त्यांनी जवळ्यातला खडा काढून बाजूला ठेवला. "नवरी कोन हाय, त्यावर."

नवरीचं नाव, तिच्या आईचं नाव, मामा कुठल्या गावाचा, मांडवात कोण आलंय आणि कोण यायचं राहिलंय. ते सगळं त्या ओळींत जातं. पहिल्यांदा त्यांनी धाकटी नात डोळ्यांसमोर ठेवून गायलं होतं. दुसऱ्यांदा मोठी. तिसऱ्यांदा, मी विचारल्यावर जरा लाजून म्हणाल्या, स्वतःलाच.

कागद करायला बसलो. आजी ळ म्हणत नाहीत, ल म्हणतात. ण च्या जागी न. डोळ्याचा डोला होतो. आयुष्यभराच्या सवयीने पहिल्या ओळीत मी ळ टाइप केला, मग खोडला. ज्या माणसाने अम्मांच्या ऴ साठी अठ्ठावीस कागदांवर टिंबं दिली, त्याने आजींचा ल सुधारायचा? प्रूफात एखादी गोष्ट चुकून कापली गेली तर तिच्याखाली टिंबांची रांग देतात, म्हणजे 'आहे तसं राहू द्या'. मी प्रिंट काढल्यावर प्रत्येक ल खाली ती रांग दिली. गरज नव्हती.

मधल्या ओळींचं मात्र काही करता येईना. शेवटी पहिल्या दोन आणि शेवटच्या चार ओळी छापल्या आणि मध्ये जागा सोडली. नुसती टिंबं. कडेला लिहिलं : नवरीचं नाव, आईचं नाव, मामाचं गाव. कोरी जागा ठेवून मी कुठलाही कागद हातावेगळा केल्याचं मला आठवत नाही. आमच्या छापखान्यात कोरं पान दिसलं की पहिला फोन मुद्रितशोधकाला यायचा.

गेल्या रविवारी तालीम संपल्यावर कागद गोळा केले. पुढच्या वेळेला तेच वापरतो, झेरॉक्सचे पैसे वाचतात. घरी येऊन चाळले तर बऱ्याच जणांनी जागा भरल्या होत्या. सूनबाईने स्वतःचं नाव, आणि मामाच्या गावापुढे चिपळूण. कोरियन शिकणाऱ्या मुलीने तिच्या मांजरीचं. दादांनी त्यांच्या आईचं नाव लिहिलं होतं, देवनागरीत, ज खाली टिंब देऊन. ते टिंब चुकीचं होतं, बंगालीत तो ज नाही. मी पेन काढलं आणि परत ठेवलं.

अम्मांनी तिन्ही जागा भरल्या होत्या, पेन्सिलीने, तमिळमध्ये. मला एक अक्षर वाचता आलं नाही. येत्या रविवारी त्यांना ते गायला सांगणार आहे.